डिसेंबरात भंडारदऱ्याला स्वतःच्या टेंटमध्ये मुक्काम: पाच जणांसाठी सामान काय घ्यावं?

कांजूरकर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात भंडारदऱ्याला जलाशयाकाठी दोन रात्री राहायचं ठरतंय. तयार टेंटवाल्यांकडे नाही, स्वतःचं सामान घेऊन. गावातल्या एकांच्या शेताच्या बांधावर जागा मिळाली आहे, संडास-बाथरूम त्यांच्या घरचं वापरता येईल. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, ११ आणि ६ वर्षांची मुलं आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, जमिनीवरून उठताना हाताला धरावं लागतं, पण यायचा उत्साह सगळ्यांत जास्त त्यांचाच आहे. त्यामुळे त्यांची झोप नीट झाली पाहिजे, ही पहिली अट.

गाडी हॅचबॅक आहे, वर कॅरियर नाही. बजेट साधारण २५ हजार, काही वस्तू भाड्याने घ्यायची तयारी आहे.

अडलंय ते असं: एक मोठा टेंट घ्यावा की दोन? आपोआप उघडणारा पॉप-अप चांगला का? घरात पाहुण्यांसाठीची हवेची डबल गादी आहे, ती चालेल का? स्लीपिंग बॅगच हव्यात की गोधड्या पुरतील? स्वयंपाकाला कुठला गॅस? आणि परत आल्यावर हे सगळं वाळवायचं कुठे? इमारतीची गच्ची बंद असते, बाल्कनी चार फुटांची.

घाटमाथा

ताई, बजेट जमिनीकडून वर खर्च करा. आधी अंगाखालचं, मग अंगावरचं, मग डोक्यावरचं. बहुतेक लोक उलटं करतात. भारी टेंट घेतात आणि खाली योगा मॅट टाकतात, मग पहाटे तीनला सगळे जागे.

याचं कारण साधं आहे. गोधडी असो की स्लीपिंग बॅग, ऊब देते ती तिच्यात अडकलेली हवा. अंगाखाली आलेला भाग वजनाने दाबला जातो, हवा निघून जाते आणि खालून जमीन ऊब ओढत राहते. भंडारदऱ्याला डिसेंबरात रात्री पारा ८-१० अंशांवर येतो, एखाद्या रात्री आणखी खाली. वरून कितीही पांघरलं तरी खालचा गारवा तसाच राहतो.

तुमची हवेची गादी नेऊ नका असं म्हणणार नाही, पण एक लक्षात घ्या. तिच्या पोटात १५-२० सेंटीमीटर मोकळी हवा असते आणि ती आत फिरत राहते. वरच्या बाजूची ऊब खाली जमिनीपर्यंत पोचवायचं काम ती हवाच करते. दुसरं, संध्याकाळी ३० अंशांना फुगवलेली गादी रात्री १० अंशांना जवळजवळ ७ टक्के आक्रसते. मधल्या रात्री ती मऊ पडली की लोकांना वाटतं पंक्चर झालं. पंक्चर नसतं, झोपायच्या आधी दहा पंप मारले की पुरे. वापरायचीच असेल तर गादीच्या वर फोमची मॅट टाका, खाली नाही.

मॅटच्या वेष्टनावर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते का बघा. जितकी जास्त, तितका जमिनीचा गारवा कमी. साध्या १० मिलिमीटरच्या कॅरीमॅटची १ च्या आसपास येते. एकावर एक दोन मॅट टाकल्या तर आर-व्हॅल्यूची चक्क बेरीज होते, त्यामुळे दोन स्वस्त मॅट मिळून डिसेंबर निभावतात. अडचण जागेची. १८० बाय ५० ची कॅरीमॅट गुंडाळली की १५ सेंटीमीटर जाडीची वळकटी होते. अशा दहा वळकट्या तुमच्या डिकीत मावणार नाहीत.

म्हणून वाटणी अशी करा. तुम्हा दोघांना ३-४ सेंटीमीटर जाडीच्या, आत फोम असलेल्या, स्वतः फुगणाऱ्या मॅट. मुलांना खेळायच्या त्या एकात एक अडकणाऱ्या ईव्हीए फोमच्या लाद्या. ६० बाय ६० च्या नऊ लाद्यांचा १८० बाय १८० चा गालिचा होतो, जाडी १०-१२ मिलिमीटर, आणि गाडीत त्या डिकीच्या तळाशी सपाट रचता येतात. घरात लहान मूल असेल तर बहुधा आधीच असतील. त्यावर एक घडी घातलेली चादर, मग स्लीपिंग बॅग.

आता सासूबाई. त्यांना जमिनीवर झोपवूच नका. घडीची खाट घ्या किंवा भाड्याने आणा, ४० सेंटीमीटरच्या आसपास उंची असलेली. २५ सेंटीमीटरची बुटकी खाट ट्रेकर लोकांना बरी, गुडघेदुखीला नाही. खाटेला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे खालून गार हवा फिरते, त्यामुळे कापडावर कॅरीमॅट आणि तिच्यावर दुहेरी गोधडी हवीच. नुसत्या कापडी खाटेवर जमिनीपेक्षाही जास्त थंडी वाजू शकते. दुसरं म्हणजे खाटेच्या पायांचा भार टेंटच्या तळावर एकेका बिंदूत येतो आणि कापड फाटतं. प्रत्येक पायाखाली हाताच्या पंज्याएवढा प्लायचा तुकडा किंवा जुन्या रबरी चपलेचा कापलेला तळ ठेवा. खाट घडी केल्यावर ९०-१०० सेंटीमीटर लांब राहते, म्हणून निघायच्या आधी डिकीची आतली रुंदी टेपने मोजून घ्या.

खुर्चीलाही हाच नियम. बसायची उंची ४५ सेंटीमीटर आणि हाताला टेकू असलेली एक तरी खुर्ची आणा. खोलगट, पडी खुर्ची आरामाची वाटते, पण तीतून उठताना सगळा जोर गुडघ्यावर येतो.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. कम्फर्ट, लिमिट आणि कधी कधी एक्स्ट्रीम. खरेदी कम्फर्टच्या आकड्यावरच करा. लिमिट म्हणजे अंग चोरून कशीबशी काढलेली रात्र, आणि एक्स्ट्रीम हा जीव वाचण्याचा आकडा आहे, झोपेचा नव्हे. दुकानात मोठ्या अक्षरात कुठला आकडा लिहिलाय ते नीट विचारा. तुम्हाला कम्फर्ट १० ची बॅग आणि तिच्यावर एक सोलापुरी चादर पुरेल. गाडीने जाताय, तर गोधड्या जरूर न्या. वजनाचा प्रश्न नाही आणि वरून टाकायला गोधडीसारखं काही नाही. फक्त ती टेंटच्या भिंतीला टेकू देऊ नका, दवाची ओल शोषून घेते आणि मग दिवसभर वाळत नाही.

सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांची बॅग दिलीत तर पायाकडचा रिकामा भाग गरम करण्यातच त्याची ऊब जाते. बॅगेचा खालचा तिसरा हिस्सा दुमडून मुलाच्या पायाखाली घाला.

झोपायचे कपडे वेगळे ठेवा, दिवसभर घातलेले नकोत. घामाने दमट झालेला बनियन रात्री गार पडतो. कोरडे मोजे, कानटोपी, आणि रबरी गरम पाण्याची पिशवी सासूबाईंच्या पायाशी. स्वस्तात मस्त.

ताणदोरी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी टेंटपुरतं लिहितो.

दोन टेंट घ्या. 'पाच जणांचा' याचा अर्थ कंपनीच्या हिशेबात पाच मॅट खांद्याला खांदा लावून मांडता येतात, एवढाच. माणशी ५५-६० सेंटीमीटर धरलेले असतात, बॅगांना जागा शून्य. तुम्हाला खाटही ठेवायची आहे. चार जणांचा, मधोमध १७० सेंटीमीटरहून उंच असा एक टेंट घ्या, त्यात सासूबाईंची खाट, तुम्ही आणि धाकटं. शेजारी दोन-तीन जणांच्या छोट्या टेंटमध्ये बाबा आणि मोठं. उंचीचा हिशेब महत्त्वाचा आहे. ४० ची खाट आणि तिच्यावर बसलेल्या माणसाचे ८५-९०, म्हणजे १३० सेंटीमीटर डोक्याला लागतात. घुमटाच्या टेंटची भिंत उतरती असल्याने खाट कडेला लावली तर उठून बसताना डोकं कापडाला घासतं. खाट मध्याजवळ ठेवा.

चार जणांचा टेंट विकत घेऊन दुसरा भाड्याने आणायचा हा पर्याय तुमच्या बजेटला सोपा पडेल. भाड्याचा टेंट ताब्यात घेताना दुकानातच पूर्ण उघडून बघा. चेन दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत चालते का, दांड्यांचे सांधे चिरले आहेत का, खुंट्या मोजून किती. चेनच्या कोपऱ्यात, जिथे ती वळण घेते, तिथेच बहुतेक वेळा दात सुटलेले असतात.

पॉप-अप उघडतो झटक्यात, खरं आहे. पण घडी घातल्यावर त्याची मोठी थाळी होते. ती हॅचबॅकच्या डिकीत उभीही मावत नाही आणि आडवी ठेवली तर बाकीचं सामान तिच्यावर चढतं. शिवाय घडी घालायची सवय नसेल तर आतली दांडी पिळून तुटू शकते. तुमच्या गाडीला नको.

दुहेरी भिंतीचाच टेंट घ्या, म्हणजे आत जाळीचा आणि वर वेगळा फ्लाय, पाणी अडवणारं बाहेरचं कापड. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री फ्लायचं कापड आकाशाकडे उष्णता सोडून आसपासच्या हवेपेक्षाही गार होतं आणि त्यावर दव धरतं. बाहेरून तर धरतंच, पण माणसांच्या श्वासाची वाफ आतूनही त्याच कापडावर जमते. दुहेरी भिंत असेल तर ते थेंब फ्लायच्या आतल्या बाजूने ओघळून जमिनीवर जातात. एकेरी असेल तर अंथरुणावर. लोक थंडीला घाबरून सगळ्या खिडक्या बंद करतात आणि सकाळी म्हणतात टेंट गळतो. गळत नसतो, कोंडलेला असतो. फ्लायच्या वरच्या झडपा कायम उघड्या, आणि फ्लाय आतल्या टेंटला कुठेही चिकटणार नाही इतका ताणलेला. वारा नसेल तर दाराचा वरचा वीतभर भागही उघडा, जाळी मात्र बंद.

डिसेंबरात ३००० मिलिमीटरच्या वॉटरप्रूफिंगची (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं त्याचा हा आकडा) गरज नाही, २००० रग्गड झालं. शिवणींवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का, ते मात्र बघा. तीच नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

आता जागा. पाण्याला अगदी लागून टेंट लावायचा मोह आवरा. गार हवा जड असते, ती उताराने खाली येऊन काठाशी साचते, आणि दवही तिथेच सगळ्यात जास्त. ६०-७० मीटर मागे आणि दोन-तीन मीटर वर लावलात तरी रात्रीचा फरक जाणवतो. शिवाय धरणाचं पाणी जसजसं उतरतं तसा उघडा पडलेला काठ गाळाचा असतो. वरून सुकलेला दिसतो, पण खुंटी धरत नाही. तुमचा शेताचा बांध चांगला आहे. सपाटी बघताना स्वतः आडवं होऊन बघा, डोळ्याला न दिसणारा उतार पाठीला कळतो. थोडा उतार असेलच तर डोकं वरच्या बाजूला.

टेंटबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या मुरमात पहिल्या दोन घावांत वाकतात. मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात किंवा जवळच्या हार्डवेअरवाल्याकडून ७-८ इंची जाड खिळे आणि त्यांना बसतील असे वॉशर घ्या, वीसेक नग. वॉशरमुळे दोरीचा फास खिळ्याच्या डोक्यावरून निसटत नाही. खिळे डोक्यापर्यंत ठोका आणि मुलं अडखळू नयेत म्हणून प्रत्येकावर दगड ठेवा. ठोकायला अर्धा किलोची हातोडी, हाताशी येईल तो दगड नको. खाली कातळ लागला तर खिळा विसरा, ताणदोरी मोठ्या दगडाला दोन वेढे देऊन बांधा. दोऱ्या ३ मिलिमीटरच्या आणि उजळ रंगाच्या.

दांड्या बहुधा फायबरग्लासच्या असतील. कापडी बोगद्यातून त्या नेहमी ढकलत न्या, ओढू नका. ओढलं की सांधा आत सुटतो. प्रत्येक तुकडा धातूच्या नळीत पूर्ण बसला की नाही ते हाताने चाचपा. अर्धवट बसलेल्या सांध्यावर वाक आला की तिथेच फायबर उभा चिरतो. दुरुस्तीसाठी दांडीपेक्षा किंचित मोठ्या व्यासाची अॅल्युमिनियमची वीतभर नळी आणि कापडी चिकटपट्टी जवळ असू द्या. चिरलेल्या फायबरला उघडा हात लावू नका, कुसळं घुसतात.

खाली ताडपत्री अंथरा, पण टेंटच्या तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटीमीटर लहान दुमडून. बाहेर डोकावणारी ताडपत्री फ्लायवरून ओघळलेलं दव गोळा करून थेट तळाखाली आणते.

आणि हो, निघायच्या आधीच्या रविवारी इमारतीच्या आवारात दोन्ही टेंट एकदा उभे करून बघा. कांजूरहून भिवंडी-पडघ्याची गर्दी आणि कसारा घाट धरून शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याच्या गावात, पोचेपर्यंत रात्र होईल. नवा टेंट पहिल्यांदा अंधारात उघडायची वेळ येऊ देऊ नका.

पाटा_वरवंटा

स्वयंपाकाचं मी सांगते.

गाडी असल्याने तुम्हाला सुटकेससारखी घडीची शेगडी सोयीची, तिच्यात २२० ग्रॅमची ब्युटेनची नळकांडी आडवी बसते. पूर्ण आचेवर ती तास-सव्वा तास चालते. एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस जातो, वाऱ्यात सहज दुप्पट. पाच जणांचा तीन वेळचा चहा, सकाळचे पोहे, दोन वेळची खिचडी आणि गरम पाण्याची पिशवी असं धरलं तर दोन दिवसांना चार नळकांड्या घ्या, पाचवी राखीव. कमी लागाव्यात असं वाटत असेल तर ३ लिटरचा कुकर न्या. उघड्या पातेल्यात डाळ शिजवणं म्हणजे गॅस हवेत सोडणं.

ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो. पहाटे ८-१० अंशांना, त्यात गॅस निघताना नळकांडी स्वतःच आणखी गार होत जाते, म्हणून ज्योत मिणमिणती होते. नळकांडी संपलेली नसते, ती टाकून देऊ नका. रात्री ती घरमालकांच्या पडवीत ठेवा आणि सकाळी पाच मिनिटं कोमट पाण्यात बसवा. कोमट म्हणजे हात बुडवता येईल इतकंच. निखाऱ्याजवळ किंवा ज्योतीसमोर धरून गरम करायचा प्रकार कुणी केला तर हातातून काढून घ्या.

या शेगडीचा सर्वात मोठा धोका वेगळाच आहे. मोठा तवा किंवा रुंद पातेलं ठेवलं की त्याची कड नळकांडीच्या कप्प्यावर येते, उष्णता खाली परावर्तित होते आणि नळकांडी तापून फुटू शकते. भांड्याचा व्यास बर्नरच्या चौकटीबाहेर जाता कामा नये. भाकरीचा मोठा तवा घरीच राहू द्या. वाऱ्याला आडोसा करतानाही चारही बाजूंनी पत्रा उभा करू नका, वाऱ्याची एकच बाजू अडवा. वापरलेल्या नळकांड्या पुन्हा भरून विकणारे असतात, त्या घेऊ नका, त्यांचा व्हॉल्व्ह गळतो. दुपारी उन्हात बंद गाडीतही ठेवू नका.

टेंटमध्ये, टेंटच्या पडवीत, थंडीचं निमित्त सांगून, 'दोनच मिनिटं' म्हणून, कशासाठीही शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली आत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. सासूबाईंना थंडी वाजते म्हणून शेगडी आत घ्यावीशी वाटेल, तेव्हाच आठवा.

घरून तयारी: तांदूळ-मूगडाळ धुऊन कडकडीत वाळवून, हळद-हिंग-मीठ घालून एकेका वेळेच्या पिशव्या. कांदा परतलेला फोडणीचा मसाला बाटलीत. एक लिटरच्या दोन बाटल्या पाणी गोठवून थर्माकोलच्या पेटीत ठेवा, दूध-दही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतं आणि वितळलेलं पाणी प्यायला होतं. वीस लिटरचा एकच जार न्या आणि तिथे भरून घ्या. दोन जार म्हणजे आणखी एक लहान माणूस गाडीत बसवल्यासारखं, घाटात मागची चाकं दबतात.

कसारा_लोकल

धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक: वरचा गॅसचा सल्ला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना. रेल्वेत गॅसच्या नळकांड्या, रॉकेल, स्पिरिट, ज्वलनशील काहीही नेणं गुन्हा आहे, लोकलमध्येसुद्धा. बॅगेत छोटी आहे, कोण बघतंय, असं करू नका. कसाऱ्यापर्यंत रेल्वेने जाणाऱ्यांनी जेवण गावातल्या घरी सांगावं. ताजी भाकरी-पिठलं मिळतं, पैसे गावात राहतात आणि पाठीवरचं दोन-तीन किलो ओझं वाचतं.

कांजूरकर

खूप आभार सगळ्यांचे. खाटेचं आणि लाद्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, लाद्या घरात पडून आहेत!

अजून दोन शंका. मुलांना शेकोटी हवीच आहे, करावी का? आणि साप-विंचवांची भीती कितपत बाळगायची? सासूबाईंना रात्री दोनदा तरी उठावं लागतं.

घाटमाथा

शेकोटी टेंटजवळ नको. भंडारदऱ्याचा आसपासचा पुष्कळसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि डिसेंबरात गवत वाळून कडक झालेलं असतं. एक ठिणगी वणव्याला पुरते. फ्लायच्या पॉलिएस्टरला तर ठिणगीने क्षणात भोक पडतं. घरमालकांच्या अंगणात चूल असेल तर त्यांना विचारून तिथेच मुलांना बसवा, उठताना पाणी ओतून राख हाताने चाचपून गार झाल्याची खात्री करा.

साप: डिसेंबरात वावर कमी असतो, पण नसतो असं नाही. टेंटला सर्वात मोठा फायदा हाच की तळ शिवलेला आणि जाळी बंद होणारी असते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर उघड्यावर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा चावा पुष्कळदा दुखतही नाही, नंतर पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. त्यामुळे चेन दिवसाही बंद. दर वेळी आत-बाहेर करताना बंद. मुलांना हा एकच नियम घोकून द्या. बूट आत घ्या, सकाळी उलटे करून झटका. टेंट काढताना ताडपत्री हाताने नाही, काठीने उचला, खाली विंचू ऊब धरून बसलेला असू शकतो. खरकटं रात्री बाहेर ठेवू नका, उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

चावा झालाच तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. माणसाला चालवू नका, अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन आणि गाडीने थेट सरकारी रुग्णालय. कुठलं जवळ आहे आणि तिथे सर्पदंशाची लस आहे का, हे पोचल्या दिवशीच घरमालकांना विचारून ठेवा.

सासूबाईंसाठी रात्री संडासापर्यंतची वाट आधी उजेडात चालून बघा, दगड बाजूला करा, ताणदोऱ्या त्या बाजूला येणार नाहीत असा टेंट फिरवा. कपाळाला लावायचा टॉर्च प्रत्येकाला एक, २०० ल्युमेन भरपूर झाले. हातातला टॉर्च असला की काठी किंवा आधाराचा हात जातो. त्यांच्यासाठी घरातलं कमोडचं भांडं किंवा झाकणाचा डबा मागच्या बाजूला ताडपत्रीच्या आडोशात ठेवलात तर पहाटेची फेरी वाचेल. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

टॉर्चवाला

उजेडाबद्दल भर: टेंटबाहेर पांढरा कंदील टांगलात तर किडे तिथेच येतील. पिवळसर उजेडाचा घ्या आणि बसायच्या जागेपासून चार-पाच मीटर लांब टांगा.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी फोनमध्ये प्रत्यक्ष ६,०००-६,५०० च उतरतात, कारण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो आणि ५ व्होल्टला चढवताना काही वाया जातं. दोन फोन, पाच टॉर्च, दोन रात्री म्हणजे २०,००० ची घ्या. रात्री ती अंथरुणात ठेवा, थंडीत सेल लवकर मान टाकतात.

शिडाचं_कापड

ताईंच्या पहिल्या पोस्टमधला शेवटचा प्रश्न, सामान वाळवायचा, कुणी घेतला नाही, आणि मुंबईकराचा टेंट खरा मरतो तो तिथेच. भंडारदऱ्याला नाही, कपाटात.

फ्लायला आतून पॉलीयुरेथेनचा पातळ लेप असतो, पाणी तोच अडवतो. ओलावा आणि उष्णता मिळाली की या लेपाचं विघटन होतं. आधी उलटीसारखा आंबूस वास येतो, मग आतली बाजू चिकट होते, मग पांढरे पापुद्रे सुटतात. एकदा चिकट झालेला लेप कशानेही परत येत नाही. मुंबईच्या दमट हवेत, घट्ट पिशवीत, लोखंडी कपाटात ठेवलेला टेंट दोन पावसाळ्यांत या अवस्थेला येऊ शकतो, मग तो एकदाच वापरलेला असो.

त्यामुळे तिथून निघताना घाई करू नका. दव पडलेला फ्लाय सकाळी आठला गुंडाळू नका. आधी झटका, मग सुती फडक्याने आतून-बाहेरून पुसा, मग उलटा करून झुडपांवर किंवा दोरीवर टाका. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात तासाभरात वाळतो. तळाची खालची बाजू सगळे विसरतात, ती सगळ्यात ओली असते.

घरी आल्यावर त्याच रात्री पिशवीतून काढा. बाल्कनी चार फुटांची असली तरी हरकत नाही. आतला टेंट दारांच्या दोन मुठींमध्ये दोरी बांधून हॉलमध्ये टांगा, फ्लाय बाथरूमच्या शॉवरच्या दांडीवर, पंखा पूर्ण वेगाने, रात्रभर. कडक उन्हात दिवसभर टाकू नका, ऊन पॉलिएस्टर कमजोर करतं. माती लागली असेल तर गार पाणी आणि मऊ फडकं, फार तर दोन थेंब सौम्य साबण. वॉशिंग मशीन नाही, इस्त्री नाही, ड्रायक्लीन तर अजिबात नाही. चेनमध्ये गेलेली माती जुन्या टूथब्रशने काढा आणि मेणबत्तीचा तुकडा दातांवर फिरवा.

पूर्ण वाळल्यावर मूळ पिशवीत कोंबू नका. जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरा, आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, बाहेरच्या भिंतीला न टेकता. पावसाळ्यात भिंत पाझरते तिथे नकोच. स्लीपिंग बॅगचंही तसंच, दाबून ठेवली की आतला तंतू कायमचा बसतो आणि कम्फर्ट १० ची बॅग १५ ची होते. स्वतः फुगणारी मॅट व्हॉल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली सपाट सरकवा.

ऑगस्टमध्ये एकदा, पाऊस उघडलेला दिवस बघून, सगळं बाहेर काढून पंख्याखाली पसरा. तेव्हाच दांड्यांच्या आतली लवचीक दोरी ओढून बघा. सैल पडली असेल तर मीटरवर घ्यायला स्वस्त मिळते, बदलायला अर्धा तास लागतो.